मॅट्रिक्स नको, दोन याद्या द्या: सममित ट्रायडायगोनल मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं काढताना

१०,००० ओळी आणि १०,००० स्तंभांची मॅट्रिक्स पूर्ण लिहायची म्हटली तर १० कोटी आकडे होतात. प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले तरी ८०० एमबी मेमरी लागते. पण मॅट्रिक्स ट्रायडायगोनल असेल, म्हणजे मुख्य कर्ण आणि त्याच्या लगतच्या दोन रेघा सोडून बाकी सगळीकडे शून्य असेल, तर त्या १० कोटींतले कामाचे आकडे फक्त २९,९९८. ती सममितही असेल तर कर्णाच्या वरची रेघ आणि खालची रेघ सारखीच, म्हणजे १९,९९९ आकडे पुरे. त्यांना १६० केबी लागतात.

नव्याने शिकणारे बहुतेक जण आधी शून्यांनी भरलेली मोठी मॅट्रिक्स तयार करतात, तिच्यात तीन रेघा भरतात आणि मग ती आयगेनमूल्यं काढणाऱ्या नेहमीच्या फंक्शनला देतात. (मॅट्रिक्सने गुणल्यावर जो व्हेक्टर आपल्याच रेषेत राहतो, फक्त काही पट होतो, तो आयगेनव्हेक्टर; ती पट म्हणजे आयगेनमूल्य.) उत्तर येतं, पण मशीन विनाकारण दमतं. शिवाय मॅट्रिक्स ट्रायडायगोनल आहे ही मोलाची माहिती आपल्या हातात असूनही सॉफ्टवेअरपर्यंत पोचत नाही. हा लेख ती माहिती पोचवण्याबद्दल आणि आलेलं उत्तर पारखून घेण्याबद्दल आहे.

अशा मॅट्रिक्स सगळीकडे भेटतात. ताणलेल्या दोरीवरचे मणी, एका मितीतला क्वांटम कण, रॉडमधून वाहणारी उष्णता अशा कुठल्याही ठिकाणी प्रत्येक बिंदू फक्त डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी बोलत असेल, तर समीकरणांतून ट्रायडायगोनल मॅट्रिक्सच निघते. तुम्ही पूर्ण भरलेली सममित मॅट्रिक्स दिलीत तरी सॉफ्टवेअर आतमध्ये हाउसहोल्डरच्या पद्धतीने ती आधी ट्रायडायगोनल करतं आणि मगच पुढे जातं. त्यामुळे हा एवढासा प्रश्न नीट समजला की सममित आयगेन प्रश्नाचा गाभा समजतो.

आधी हत्यारं

पायथॉन वापरत असाल तर नमपाय आणि सायपाय ही दोन पॅकेज लागतील. मशीनवर काही बसवायचं नसेल तर गूगल कोलॅबमध्ये दोन्ही तयार असतात. सायपायच्या रेखीय बीजगणिताच्या विभागात आपल्या कामाचं फंक्शन आहे. त्याचं नाव असं बनतं: ‘आयगेन’ची रोमन लिपीतली पहिली तीन अक्षरं, त्याला जोडून हर्मिशियनचा (सममितच्या व्यापक प्रकाराचं नाव) एच, मग अंडरस्कोअर आणि मग ट्रायडायगोनल. फक्त आयगेनमूल्यं हवी असतील तर पहिल्या तीन अक्षरांनंतर ‘व्हॅल्यूज’ची छोटी खूण म्हणून व्ही-ए-एल-एस आणि मग एच, असं भावंड फंक्शनही आहे. दोन्ही फंक्शनं मॅट्रिक्स मागतच नाहीत. ती मागतात दोन याद्या: कर्णाची, आणि कर्णाशेजारच्या रेघेची. पहिलीला आपण कर्ण-यादी म्हणू, दुसरीला शेजार-यादी.

ज्युलिया वापरणाऱ्यांसाठी ‘सिमट्रायडायगोनल’ नावाचा खास प्रकार आहे. तोही याच दोन याद्या घेतो आणि पुढे नेहमीचंच आयगेन फंक्शन योग्य पद्धत आपोआप निवडतं. खाली मी पायथॉन धरून लिहितो आहे. दोन्हीकडे खरं काम करणारी लायब्ररी एकच आहे: लॅपॅक, पहिली आवृत्ती १९९२ ची.

पहिली पायरी: उत्तर आधीच माहीत असलेलं गणित

कुठलंही नवं फंक्शन वापरताना पहिलं गणित असं घ्यावं की ज्याचं उत्तर कागदावर निघतं. कर्ण-यादी २, २, २ आणि शेजार-यादी −१, −१ अशी घ्या. शेजार-यादीत एक आकडा कमी असतो, हे इथेच डोक्यात पक्कं बसवा. तीन बिंदूंमध्ये शेजारसंबंध दोनच असतात.

फंक्शनला या दोन याद्या दिल्या की उत्तर येईल ०.५८५८, २ आणि ३.४१४२. कागदावर हीच मूल्यं २ वजा वर्गमूळ २, मग २, आणि २ अधिक वर्गमूळ २ अशी निघतात. उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत येतात. नमपायच्या सर्वसाधारण आयगेन फंक्शनमध्ये ही रांग मिळेलच याची हमी नसते, आणि तिथून येणारा गोंधळ मी फार वेळा पाहिला आहे.

आता शेजार-यादीत −१ च्या जागी +१ टाका. आयगेनमूल्यं तीच येतील. शेजार-यादीतल्या चिन्हांचा आयगेनमूल्यांवर परिणाम होत नाही, कारण त्या आकड्यांचे फक्त वर्ग हिशोबात येतात. आयगेनव्हेक्टर मात्र बदलतात. म्हणून केवळ आयगेनमूल्यं जुळली एवढ्यावरून मॅट्रिक्स बरोबर भरली गेली असं समजू नका.

दुसरी पायरी: खरं काम

क्वांटम हार्मोनिक ऑसिलेटर, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारखा डोलणारा क्वांटम कण, घेऊ. सोयीची एककं घेतली तर त्याच्या ऊर्जा ०.५, १.५, २.५ अशा असतात, म्हणजे इथेही खरं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. कण −८ ते ८ या पट्ट्यात आहे असं धरा आणि दोन टोकांना तरंग शून्य आहे असं माना. बिंदूंमधलं अंतर ०.१ ठेवा.

कर्णावरचा प्रत्येक आकडा = १ भागिले अंतराचा वर्ग, अधिक त्या बिंदूच्या स्थानाच्या वर्गाचा अर्धा. इथे तो १०० अधिक काहीतरी येईल. शेजार-यादीतला प्रत्येक आकडा = उणे १ भागिले अंतराच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे −५०.

बिंदू किती? −८ पासून ८ पर्यंत दोन्ही टोकं धरून १६१ बिंदू होतात. टोकांवर तरंग शून्यच आहे, म्हणून ती सोडायची. उरतात १५९. कर्ण-यादीत १५९ आकडे, शेजार-यादीत १५८.

इथे एक चूक इतक्या सहज होते की तिच्यावर थोडं थांबतो. काही जण −८ ते ८ मध्ये थेट १५९ समान बिंदू मागतात. मग बिंदूंमधलं खरं अंतर १६ भागिले १५८, म्हणजे ०.१०१३ होतं, पण सूत्रात ०.१ च राहतं. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, तक्रार करत नाही, आणि पहिली ऊर्जा ०.५०६ देतो. दिसायला उत्तर ठीकच वाटतं. पण ते चुकीचं आहे हे ओळखण्याची खूण आहे: अवकलाऐवजी शेजारच्या बिंदूंमधले फरक घेणारी ही पद्धत गतिज ऊर्जा नेहमी थोडी कमी धरते, म्हणून उत्तर ०.५ च्या किंचित खाली यायला हवं. ते वर गेलं की अंतर तपासा. आपल्या पद्धतीची चूक कुठल्या बाजूला झुकते हे माहीत असणं फार उपयोगी पडतं.

याद्या बरोबर असतील तर पहिली तीन उत्तरं ०.४९९६८७, १.४९८४३६ आणि २.४९५९३१ येतील.

तिसरी पायरी: हवं तेवढंच मागा

१५९ मूल्यांपैकी आपल्याला बहुधा पहिली तीन-चारच हवी असतात. वरची मूल्यं तशीही भौतिक अर्थाने निरुपयोगी, कारण एवढ्या विरळ बिंदूंवर त्या वेगाने हेलकावणारा तरंग मावतच नाही. फंक्शनला ‘निवड’ सांगता येते. ‘ए’ म्हणजे सगळी, ‘आय’ म्हणजे क्रमांकाने, ‘व्ही’ म्हणजे ठरावीक पट्ट्यातली.

क्रमांकाने मागताना मोजणी शून्यापासून सुरू होते आणि दोन्ही टोकं धरली जातात. पहिली तीन हवी असतील तर ० ते २ लिहायचं. पायथॉनच्या सवयीने ० ते ३ लिहिलंत तर चार येतील. ज्युलियात मोजणी १ पासून, तिथे १ ते ३. पट्ट्याने मागताना खालचं टोक पट्ट्यात धरत नाहीत, वरचं धरतात. आयगेनमूल्य नेमकं टोकावर पडण्याची शक्यता असेल तर पट्टा थोडा रुंद घ्या.

पट्टा कुठून कुठे घ्यावा हे सुचत नसेल तर गर्शगोरिनचा नियम कामाला येतो. कर्णावरचा प्रत्येक आकडा घ्या, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज एकदा त्यातून वजा करा, एकदा त्यात मिळवा. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी संख्या उचला. सगळी आयगेनमूल्यं या दोहोंच्या मध्येच असतात. आपल्या ऑसिलेटरसाठी हा पट्टा ० ते २३०.४२ असा येतो. तोंडी हिशोबात निघणारी ही मर्यादा मी प्रत्येक वेळी आधी काढतो.

चौथी पायरी: मोजून पाहा

आता या विषयातली माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. सममित ट्रायडायगोनल मॅट्रिक्सची किती आयगेनमूल्यं एखाद्या संख्येच्या खाली आहेत, हे ती मूल्यं न काढताच मोजता येतं. याचं मूळ १८२९ मधल्या स्टुर्मच्या प्रमेयात आहे, आणि वॉलेस गिव्हन्स यांनी १९५४ मध्ये ते संगणकाच्या कामाला जुंपलं.

कृती अशी. तपासायची संख्या ठरवा. कर्णाच्या पहिल्या आकड्यातून ती वजा करा. हा झाला पहिला भागफळ. पुढच्या प्रत्येक ओळीला: कर्णाच्या आकड्यातून तीच संख्या वजा करा, आणि मग शेजाराच्या आकड्याचा वर्ग भागिले मागचा भागफळ, हेही वजा करा. शेवटी ऋण भागफळ किती ते मोजा. तेवढीच आयगेनमूल्यं त्या संख्येच्या खाली.

आपल्या २, २, २ च्या मॅट्रिक्सवर १.५ ही संख्या घेऊन करून पाहू. पहिला भागफळ २ − १.५ = ०.५. दुसरा ०.५ − १/०.५ = −१.५. तिसरा ०.५ − १/(−१.५) = १.१६६७. एकच ऋण आहे, म्हणजे १.५ च्या खाली एकच आयगेनमूल्य: ते ०.५८५८. आता २.५ घ्या. भागफळ येतात −०.५, १.५ आणि −१.१६६७. दोन ऋण, दोन मूल्यं खाली. कागद-पेन घेऊन एकदा हे स्वतः करा. वाचून जेवढं समजतं त्याहून बरंच जास्त हातानं केल्यावर समजतं.

संख्या १ घेतलीत तर दुसरा भागफळ शून्य येईल आणि पुढच्या ओळीत शून्याने भागायची वेळ येईल. लॅपॅकमध्ये अशा वेळी शून्याच्या जागी अगदी सूक्ष्म ऋण संख्या ठेवतात आणि हिशोब पुढे नेतात. तुमच्या प्रोग्रॅममध्येही तेच करा.

या मोजणीवरच दुभागणीची पद्धत उभी आहे. पट्टा घ्या, मधोमध मोजा, हवं ते मूल्य ज्या अर्ध्यात असेल तो ठेवा, परत मोजा. ४ रुंदीचा पट्टा ५२ वेळा दुभागला की संगणकाच्या नेहमीच्या अचूकतेपर्यंत पोचतो. काही ठरावीक मूल्यंच मागितलीत तर सायपाय आतमध्ये हेच करतं.

तपासणीसाठी मोजणीचा उपयोग साधा आहे. ऑसिलेटरच्या याद्यांवर २ ही संख्या घेऊन मोजा. उत्तर २ यायला हवं. ३ वर मोजा, ३ यायला हवं. मधलं एखादं मूल्य सुटलं असेल तर ते इथे पकडलं जातं.

दुसरी तपासणी उरलेल्या फरकाची. आयगेनव्हेक्टरला मॅट्रिक्सने गुणा, त्यातून आयगेनमूल्य गुणिले व्हेक्टर वजा करा, आणि उरलेल्या व्हेक्टरची लांबी पाहा. सममित मॅट्रिक्सबाबत पक्कं प्रमेय आहे: व्हेक्टरची लांबी १ असेल, तर तुम्ही काढलेल्या मूल्यापासून तेवढ्याच अंतराच्या आत एक खरं आयगेनमूल्य असतंच. गुणाकारासाठीही पूर्ण मॅट्रिक्स लागत नाही. कर्ण-यादी गुणिले व्हेक्टर, त्यात शेजार-यादी गुणिले एक घर पुढे सरकवलेला व्हेक्टर आणि एक घर मागे सरकवलेला व्हेक्टर मिळवला की झालं. सायपायमध्ये आयगेनव्हेक्टर स्तंभांत असतात, ओळींत नाही. हा फरक प्रचंड आला तर आधी हेच तपासा.

तिसरी तपासणी मात्र मॅट्रिक्सच्या बाहेरची आहे, आणि नवखे लोक नेमकी तीच विसरतात. मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं १३ अंकांपर्यंत बरोबर आली म्हणून भौतिक प्रश्नाचं उत्तर तितकं बरोबर होत नाही. आपल्या मॅट्रिक्सचं पहिलं मूल्य ०.४९९६८७ आहे आणि निसर्गाचं ०.५. हा फरक बिंदूंमधल्या अंतरातून आला आहे. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलंय. अंतर निम्मं करा, ०.०५. आता ३१९ बिंदू होतील, शेजार-यादीत −२०० येईल, आणि उत्तरं ०.४९९९२२, १.४९९६०९, २.४९८९८४ येतील. चूक जवळजवळ बरोबर चौपटीने कमी झाली. अशी चौपट घट दिसली तर तुमच्या याद्या बरोबर आहेत यावर विश्वास ठेवा. मग एक फुकटचा फायदाही घ्या: नव्या उत्तराच्या चौपटीतून जुनं उत्तर वजा करून ३ ने भागा. तिसऱ्या ऊर्जेसाठी हा हिशोब २.५००००२ देतो.

दोन मूल्यं एकच दिसली तर

शेजार-यादीत एकही शून्य नसेल, तर सममित ट्रायडायगोनल मॅट्रिक्सची सगळी आयगेनमूल्यं वेगवेगळी असतात. हे गणिताने सिद्ध होतं. पण ‘वेगवेगळी’ म्हणजे किती वेगळी? जेम्स विल्किन्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी २१ × २१ ची मॅट्रिक्स घ्या: कर्णावर १० पासून उतरत ०, आणि पुन्हा चढत १०, शेजार-यादीत सगळीकडे १. तिची सर्वांत मोठी दोन मूल्यं दोन्ही १०.७४६१९४१८२९०३३ अशी सुरू होतात. फरक त्यानंतरच्या अंकांत आहे.

पडद्यावर चार दशांश छापलेत तर दोन्ही १०.७४६२. मूल्य दुहेरी आहे असं वाटतं, आणि मग काही जण ‘डुप्लिकेट’ समजून एक काढून टाकतात. असं करू नका. ११ च्या खाली किती, १०.७ च्या खाली किती, हे मोजा. फरक २ आला की दोन्ही मूल्यं खरी आहेत.

अशा जोडीच्या आयगेनव्हेक्टरांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. दोन्ही व्हेक्टर एकमेकांना लंब असायला हवेत, पण मूल्यं इतकी जवळ असली की साध्या पद्धतींनी काढलेले व्हेक्टर एकमेकांत मिसळतात. जुन्या पद्धतीत ते नंतर मुद्दाम लंब करून घ्यावे लागत आणि मोठ्या घोळक्यांत तो खर्च भयंकर वाढत असे. इथे एक नाव आवर्जून सांगावंसं वाटतं. आयआयटी मुंबईतून शिकलेले इंद्रजित ढिल्लन यांनी बर्कलीमधल्या १९९७ च्या पीएचडी प्रबंधात, बेरेस्फर्ड पार्लेट यांच्याबरोबर, ही गाठ सोडवणारी पद्धत मांडली. तिला एमआरआरआर म्हणतात. मूल्यांमधला सापेक्ष फरक मोठा दिसेल अशा रीतीने मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा सरकवायची आणि प्रत्येक व्हेक्टर स्वतंत्रपणे, तरीही लंब येईल असा काढायचा, ही तिची कल्पना. आकार दुप्पट झाला की जुन्या पद्धतीत सगळ्या व्हेक्टरांचा खर्च आठपट होई. या पद्धतीत साधारण चौपट होतो. सायपायमध्येही ही पद्धत निवडता येते.

पद्धत स्वतः निवडायची असेल तर

बहुतेक वेळा निवड सॉफ्टवेअरवर सोडा. फक्त मूल्यं हवीत, सगळी हवीत आणि व्हेक्टर मुळीच नकोत, तर लॅपॅकचं ‘एस-टी-ई-आर-एफ’ मागा. ते क्यूआर या आयगेनमूल्यं काढायच्या प्रसिद्ध पद्धतीचं वर्गमूळ टाळणारं रूप आहे आणि चपळ आहे. व्हेक्टर मागण्याआधी मात्र मेमरीचा विचार करा. दोन याद्या १६० केबीच्या असल्या, तरी १०,००० व्हेक्टर पुन्हा ८०० एमबीच घेतात.

अगदी छोटी आयगेनमूल्यं हवी असतील तर आणखी एक गोष्ट. या पद्धतींची चूक मॅट्रिक्समधल्या मोठ्या आकड्यांच्या प्रमाणात असते. कर्णावर २ आणि शेजारी −१ अशी १,००० आकाराची मॅट्रिक्स घेतली तर सर्वांत लहान मूल्य साधारण ०.०००००९८५ आहे. चूक सोळाव्या-पंधराव्या दशांशस्थानी असते, म्हणजे या लहान मूल्याचे भरवशाचे अंक दहाच्या आसपासच उरतात. सर्वांत मोठ्या मूल्याचे पंधरा मिळतात. दोन्ही सारख्याच विश्वासाने छापू नका.

मॅट्रिक्स ट्रायडायगोनल आहे पण सममित नाही, असंही होतं. वरच्या आणि खालच्या रेघेतल्या समोरासमोरच्या आकड्यांचा गुणाकार प्रत्येक ठिकाणी धन असेल, तर शेजार-यादीत त्या गुणाकाराचं वर्गमूळ घाला. आयगेनमूल्यं तीच राहतात. पण असममित मॅट्रिक्स तशीच सममित फंक्शनला देऊ नका. नमपायचं सममित फंक्शन फक्त कर्ण आणि त्याखालचा भाग वाचतं, वरचा बघतही नाही, आणि चूक न दाखवता भलतंच उत्तर देतं.

करून पाहायला एक गणित

कर्ण-यादी ०, ०, ०. शेजार-यादी १ भागिले वर्गमूळ ३, आणि २ भागिले वर्गमूळ १५. आयगेनमूल्यं आणि व्हेक्टर दोन्ही काढा. मूल्यं −०.७७४६, ०, ०.७७४६ येतील. प्रत्येक व्हेक्टरचा पहिला घटक घ्या, त्याचा वर्ग करा, २ ने गुणा: ०.५५५६, ०.८८८९, ०.५५५६. ही −१ ते १ या पट्ट्यातल्या गाउसच्या तीन बिंदूंच्या संकलन-सूत्राची (आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायच्या सूत्राची) स्थानं आणि वजनं आहेत, म्हणजेच ५/९, ८/९, ५/९. जीन गोलब आणि जॉन वेल्श यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही रीत. व्हेक्टरचं चिन्ह उलटं आलं तरी बिघडत नाही, कारण वर्गच घ्यायचा आहे. यादी वाढवायची तर पुढचा शेजार ३ भागिले वर्गमूळ ३५, त्यापुढचा ४ भागिले वर्गमूळ ६३. पाच बिंदूंची वजनं काढा आणि त्यांची बेरीज २ येते का पाहा.